हरणाऱ्यांच्या बाजूने: गोव्यातल्या रेसलिंगप्रेमींना खुलं पत्र

पेडण्यापासून काणकोणपर्यंतच्या, मंगळवारी सकाळी कामावर निघायच्या आधी डब्ल्यूडब्ल्यूई कंपनीचं रॉ आणि शनिवारी सकाळी स्मॅकडाउन बघणाऱ्या सगळ्या बंधू-भगिनींना,

सप्रेम नमस्कार.

जॉन सीना आपली शेवटची मॅच हरला, याचा राग आपल्यापैकी बऱ्याच जणांच्या मनातून अजून गेलेला नाही. १३ डिसेंबर २०२५ ची वॉशिंग्टनमधली ती मॅच आपल्याकडे रविवारी सकाळी दिसली. गुंथरने मागून गळ्याला पकड घातली, सीना धडपडला, सुटू पाहत राहिला, आणि शेवटी चेहऱ्यावर किंचित हसू आणून त्याने हात आपटला, म्हणजे हार कबूल केली. ‘हार मानायची नाही’ हे ब्रीद टी-शर्टावर, टोपीवर, मनगटाच्या पट्टीवर मिरवणाऱ्या माणसाने वीसेक वर्षांत पहिल्यांदाच टॅप केलं. तिथल्या प्रेक्षकांनी हॉल डोक्यावर घेतला, कुणी जिंकायचं ते ठरवणाऱ्या ट्रिपल एचची हुर्यो उडवली. आपल्याकडेही तेच झालं. म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजारापासून फोंड्याच्या बसस्टँडपर्यंत जो भेटला तो एकच सांगत होता: निदान शेवटच्या दिवशी तरी त्याला जिंकवायचं होतं, ट्रिपल एचने वाट लावली, आता बघायचं बंद.

या सगळ्यांना मला उत्तर द्यायचं आहे, म्हणून हे पत्र. सीनाचा तो पराभव माझ्या मते शंभर टक्के बरोबर होता. आणि तो एकटाच नाही. ज्या पराभवांवरून आपण वर्षानुवर्षं कंपनीला आणि तिच्या लेखकांना बोल लावतो, त्यातले कितीतरी पराभव म्हणजे या खेळाने आपल्याला दिलेली सर्वांत मोठी देणगी आहे, असं मी मानतो. आपण पट्टे, म्हणजे चॅम्पियनपदं, मोजतो, विजय मोजतो. हरणारा माणूस त्या पंचवीस मिनिटांत काय काम करतो, तिकडे आपलं लक्षच नसतं.

आधी सीनाचंच घेऊ. २०२५ हे त्याचं निरोपाचं वर्ष. १ मार्चला टोरोंटोत एलिमिनेशन चेंबर हा शो संपल्यावर तो तेव्हाच्या चॅम्पियनवर, कोडी रोड्सवर, उलटला आणि इतक्या वर्षांचा नायक एका रात्रीत हील, म्हणजे खलनायक, झाला. एवढं मोठं वळण! पण पुढे त्याचं केलं काय? द रॉक त्या रात्री दिसला आणि मग गायब झाला. सीना का बदलला, हे पटेल असं कुणी सांगितलं नाही. २० एप्रिलला लास वेगासमध्ये रेसलमेनिया ४१ ला, म्हणजे वर्षातल्या सगळ्यात मोठ्या शोला, त्याने कोडीला हरवलं, तेही ट्रॅव्हिस स्कॉट नावाच्या रॅपरने मधे तोंड घातल्यावर, आणि रिक फ्लेअरचा १६ पट्ट्यांचा विक्रम मोडला. त्या सकाळी तुमचे स्टेटस मी पाहिले आहेत. सगळीकडे सतरा, सतरा. आता ती मॅच परत लावा आणि बघा. रटाळ, थकलेली, शेवटी उसनवारीने जिंकलेली मॅच आहे ती. त्या सतराव्या पट्ट्याने सीनाला एक आकडा मिळाला, कोडीला काही मिळालं नाही आणि बघणाऱ्यांच्या हाताला तर काहीच लागलं नाही. ऑगस्टमध्ये समरस्लॅमला तोच पट्टा कोडीला देताना सीना जी मॅच खेळला, ती त्या वर्षातली त्याची सगळ्यात चांगली मॅच. तेव्हाही तो हरलाच होता.

आणि गुंथर कोण? २०२२ च्या जूनपासून २०२४ च्या एप्रिलपर्यंत, ६६६ दिवस, इंटरकॉन्टिनेंटल पट्टा कमरेला बांधून फिरलेला माणूस. जुलै २०२५ मध्ये गोल्डबर्गची शेवटची मॅचही त्यानेच जिंकली, तीही याच गळ्याच्या पकडीने. सीना जिंकला असता तर दुसऱ्या दिवशी तो विजय घेऊन घरी बसला असता, आणि गुंथर सीनाने हरवलेल्या शेकडो जणांतला आणखी एक झाला असता. सीनाने जाताना आपल्याकडचं सगळं त्याच्या हातात ठेवलं. आता पुढची दहा वर्षं गुंथर रिंगमध्ये आला की सीनाला टॅप करायला लावणारा माणूस आला, हे सांगावं लागणार नाही. जाणाऱ्याने मागे काय ठेवायचं, याचं याहून चोख उत्तर माझ्याजवळ नाही.

मोजायची ही सवय आपल्याला कुठून लागली, याचा मी पुष्कळ विचार केला आहे. नव्वदच्या दशकात वाढलेल्या आपल्या पिढीकडे ट्रम्प कार्डांचा गठ्ठा असायचा. कार्डावर वर फोटो, खाली रँक, उंची, वजन, छाती, दंड, किती फाइट खेळला, किती जिंकला. चवथीला घर पाहुण्यांनी भरलेलं असताना आम्ही भावंडं कोपऱ्यात बसून तीच कार्डं खेळायचो. ज्याचा आकडा मोठा, त्याला समोरच्याचं कार्ड. कडा मळून काळ्या झालेली ती कार्डं आठवा. त्यावर हरलेल्या फाइटचा रकानाच नव्हता. अंडरटेकरची उंची आपल्याला तोंडपाठ होती, पण त्याच्यासमोर उभा राहून, त्याच्या हातून आपटून घेऊन त्याला अंडरटेकर कुणी बनवलं, ते कुणी विचारलं नाही.

खरं म्हणजे पेडणे, डिचोली, सत्तरीकडच्या माणसाला हे समजावून सांगायची पाळी येऊ नये. जत्रेला रात्रभर दशावतार बघणारी माणसं आपण. शेवटी देव जिंकणार, दैत्य पडणार आणि पहाटे दहीकाला होणार, हे अंगावरच्या पोरालाही ठाऊक असतं. तरी मंडप भरतो, कारण दैत्याचं सोंग घेणारा नट तसा असतो. त्याच्या हातात लिहिलेले संवाद नसतात. आख्यान कुठलं आणि प्रवेश कसे, एवढंच ठरलेलं असतं, बोलायचं ते ज्याने त्याने उभ्या उभ्या आपल्या बुद्धीने. तो दैत्य गर्जत आला नाही, राजाशी वाद घालताना त्याची जीभ तलवारीसारखी चालली नाही, मृदंगाच्या तालावर युद्ध करता करता त्याने आपलं मरण रंगवलं नाही, तर देवाच्या विजयाला काय अर्थ उरला? सकाळी घरी परतताना आपल्या आज्या त्या दैत्याचंच कौतुक करायच्या. ‘काय केला मेल्यान’ म्हणायच्या. मग तीच आपण माणसं रेसलिंग बघताना ‘आपला जिंकला काय?’ एवढंच विचारून का उठतो?

यावर काही जण म्हणतात, अहो ते सगळं ठरवलेलं असतं, त्यात जिंकणं-हरणं काय घेऊन बसलात. ठरवलेलं असतं हे गुपित राहिलेलं नाही. १९८९ साली कंपनीनेच न्यू जर्सीच्या सिनेटपुढे सांगितलं की ही स्पर्धा नव्हे, करमणूक आहे. पण पडणं ठरवून केलं तरी ते पडणंच असतं. रिंग म्हणजे पोलादी सांगाडा, वर लाकडी फळ्या, त्यावर पातळसा फोम आणि ताणून बांधलेलं कॅनव्हास. बम्प घेताना, म्हणजे पाठीवर पडताना, हनुवटी छातीला चिकटवायची, पाठ एकदम सपाट टेकवायची आणि त्याच क्षणी दोन्ही हात पसरून आपटायचे, म्हणजे धक्का अंगभर वाटला जातो. हनुवटी जरा सुटली की डोकं मागे आदळलंच. उचलणाऱ्याइतकंच काम उचलून घेणाऱ्याचं असतं: उडी त्यालाच मारावी लागते, तोल त्यालाच धरावा लागतो, आणि मार बसला हे शेवटच्या रांगेतल्या माणसाला दिसेल असं अंग त्यालाच टाकावं लागतं. याला रेसलिंगच्या भाषेत सेल करणं म्हणतात. आपण जॉबर, म्हणजे हरण्यासाठीच उतरवलेला माणूस, हा शब्द शिवीसारखा वापरतो. ब्रुकलिन ब्रॉलर म्हणून ओळखला जाणारा स्टीव्ह लोंबार्डी वर्षानुवर्षं जवळजवळ प्रत्येकाकडून हरला. मोठमोठ्या नावांचा दरारा अशा माणसांच्या पाठीवर उभा राहिला आहे. मला त्यांच्याबद्दल आदर वाटतो आणि तुम्हालाही वाटावा अशी माझी इच्छा आहे.

आता एक मॅच जवळून बघू. २३ मार्च १९९७, शिकागोजवळचं रोझमाँट, रेसलमेनिया १३. ब्रेट हार्ट विरुद्ध स्टीव्ह ऑस्टिन, हार कबूल करायला लावेल तो जिंकला. ऑस्टिनचं कपाळ फुटलेलं, ब्रेटने त्याला पालथा पाडून शार्पशूटरमध्ये पाय अडकवलेले. ऑस्टिन हाताच्या पंजांवर जोर देऊन छाती वर उचलतो, ओरडतो, दातांच्या फटींतून रक्त ओघळतं, कॅमेरा थेट तोंडाशी. एकदा तर तो पकड जवळजवळ मोडतो आणि ब्रेटचा तोल जातो. मग पुन्हा अडकतो. पण हात आपटत नाही. शेवटी तसाच, रक्तात, त्याची शुद्ध हरपते आणि पंच म्हणून उभा असलेला केन शॅमरॉक मॅच थांबवतो. कागदोपत्री जिंकला ब्रेट. पण खलनायक म्हणून आत आलेला ऑस्टिन बाहेर पडला तो लोकांचा लाडका होऊन, आणि नायक ब्रेटला लोकांनी हुर्यो करून हाकललं. पुढची चार वर्षं अख्ख्या कंपनीचा गाडा ज्या माणसाने ओढला, तो त्या पराभवातून जन्मला. ती मॅच ऑस्टिनने जिंकायला हवी होती असं म्हणणारा एकही माणूस मला आजवर भेटलेला नाही.

मिक फोलीचंही तसंच. २८ जून १९९८, पिट्सबर्ग. सोळा फूट उंच पिंजऱ्यावरून अंडरटेकरने त्याला खाली समालोचकांच्या टेबलावर फेकलं. स्ट्रेचरवरून उतरून तो परत वर चढला, आणि मग छत तुटून रिंगमध्ये कोसळला. ती रात्र फोलीची म्हणूनच लक्षात आहे. जिंकला अंडरटेकर.

आता ज्यावरून माझं तुमच्याशी सगळ्यात जास्त भांडण होतं त्या विषयाकडे येतो: अंडरटेकरची स्ट्रीक, म्हणजे रेसलमेनियात कधीही न हरण्याची मालिका. १९९१ ला जिमी स्नुकापासून सुरू झालेली, एकवीस विजयांची. ६ एप्रिल २०१४ ला न्यू ऑर्लिन्समध्ये ब्रॉक लेसनरने ती मोडली. आपल्याकडे सोमवारची सकाळ होती. पडद्यावर २१-१ आलं तेव्हा त्या सुपरडोममध्ये जी शांतता पसरली, तशी मी कुठल्याच खेळात पाहिलेली नाही. तेव्हापासून आपल्याकडे दोन मतं: एक म्हणतं ती कधीच मोडायला नको होती, दुसरं म्हणतं मोडायचीच होती तर एखाद्या तरुणाने मोडायला हवी होती.

दोन्ही मतं मला चुकीची वाटतात. २०१० मध्ये शॉन मायकल्सने याच स्ट्रीकसमोर आपलं करिअर पणाला लावलं आणि हरला. शेवटचा मिनिट आठवा. अंडरटेकर टूमस्टोन हा डोक्यावर आपटायचा डाव द्यायला थबकतो, त्याला दया येते. शॉन त्याच्याच अंगाला धरून उभा राहतो, गळा चिरल्याची त्याचीच खूण त्यालाच करून दाखवतो आणि खाडकन थोबाडीत देतो. मग अंडरटेकर उडी मारून त्याला डोक्यावर आपटतो. शॉनच्या या पराभवाला आपण सगळे आजही सलाम करतो. शॉनने सगळं पणाला लावून हरावं आणि अंडरटेकरने मात्र कधीच हरू नये, हा कुठला न्याय? जी गोष्ट मोडूच शकत नाही तिच्यापुढे शॉनने काय पणाला लावलं होतं म्हणायचं?

आणि तरुणाला द्यायची होती म्हणता, तर २०१७ आठवा. रेसलमेनिया ३३ ला रोमन रेन्सने अंडरटेकरला हरवलं. दुसऱ्या दिवशी रॉमध्ये रोमन माइक घेऊन उभा राहिला आणि लोकांनी कितीतरी मिनिटं त्याला तोंड उघडू दिलं नाही. शेवटी एक वाक्य टाकून तो निघून गेला. स्ट्रीक आधीच तुटलेली असताना ही गत, तर स्ट्रीक मोडणाऱ्या तरुणाचं लोकांनी काय केलं असतं? ब्रॉकला लोकांचं प्रेम नकोच होतं. त्याला फक्त भीती हवी होती, आणि ती त्याला मिळाली. २०१४ च्याच ऑगस्टमध्ये समरस्लॅमला त्याने सीनाला सोळा जर्मन सुप्लेक्स (मागून कमरेला धरून पाठीमागे आपटायचा डाव) घालून अक्षरशः गुंडाळलं. आपण ते खरं मानलं, कारण चार महिन्यांपूर्वी याच माणसाने अंडरटेकरला पाडलं होतं. ब्रॉकच्या वतीने बोलणारा पॉल हेमन माइक हातात घेऊन वर्षभर तेच सांगत फिरला. एका पराभवावर कंपनीने पुरं वर्ष उभं केलं. याला म्हणतात वापर.

मी काही प्रत्येक पराभवाचं समर्थन करायला बसलेलो नाही. वाया घालवलेला पराभव बघून माझंही रक्त खवळतं. आसुका घ्या. ऑक्टोबर २०१५ पासून एकदाही न हरलेली ही जपानी बाई रेसलमेनिया ३४ ला, ८ एप्रिल २०१८ ला, शार्लट फ्लेअरपुढे हरली. हरायला हरकत नव्हती, मॅच तर अप्रतिम होती. पण दोनच दिवसांनी कार्मेलाने मनी इन द बँकची ब्रीफकेस, म्हणजे चॅम्पियनला हवं तेव्हा आव्हान द्यायचा हक्क, वटवून शार्लटचा पट्टा काढून घेतला. अडीच वर्षं जपलेली गोष्ट अठ्ठेचाळीस तासांत संपली. शार्लटला तिचा उपयोग झाला नाही आणि आसुकाची तर आबच गेली. अंडरटेकरच्या पराभवावर वर्ष काढणाऱ्याच कंपनीने हे केलं. बाईच्या स्ट्रीकची किंमत त्यांना एवढीच वाटली, हे मी विसरणार नाही. गंमत अशी की यावर आपल्याकडे कुणी ब्र काढला नाही.

कोफी किंग्स्टनचंही तेच. अकरा वर्षं राबून रेसलमेनिया ३५ ला चॅम्पियन झालेला माणूस ४ ऑक्टोबर २०१९ ला ब्रॉकसमोर दहा सेकंदांच्या आत पडला. पुढच्या आठवड्यात त्याचं दुःख नाही, राग नाही, सूड नाही. जणू तो कधी चॅम्पियन झालाच नव्हता. हरला म्हणून मी चिडलो नाही. त्याच्या हरण्याला कुणी विचारलं नाही, म्हणून चिडलो.

ब्लडलाइनवर, म्हणजे रोमन आणि उसो भावांच्या घराण्याच्या टोळीवर, आपल्याकडे भरभरून बोललं जातं, रोमनचे १,३१६ दिवस सगळ्यांना पाठ आहेत. माझं मत कुणाला आवडत नाही, तरी सांगतो: ती गोष्ट रोमनने जिंकून उभी केलेली नाही, जे उसोने हरून उभी केली आहे. २५ ऑक्टोबर २०२० चा हेल इन अ सेल परत बघा. तो करोनाचा काळ, प्रेक्षक पडद्यांवर, हॉल रिकामा. रोमन जेकडून ‘मी हरलो’ म्हणवून घेऊ पाहतोय आणि जे उसो काही केल्या म्हणत नाही. मग रोमन त्याच्या जखमी भावाचा, जिमीचा, गळा आवळतो. तेव्हा जे उसो तोंड उघडतो, भावासाठी. पुढची तीन-साडेतीन वर्षं या घरात जे काही झालं, ते सगळं त्या एका शब्दातून निघालं आहे. जे उसो तिथे ताठ मानेने जिंकला असता तर ब्लडलाइन झालीच नसती.

सॅमी झेनच्या बाबतीत तर मी एकटाच पडतो. १८ फेब्रुवारी २०२३ ला मॉन्ट्रियलमध्ये, स्वतःच्या गावात, तो रोमनकडून हरला. तिथला तो आवाज, बायको पहिल्या रांगेत. माझ्याही डोळ्यांत पाणी आलं. पण सॅमी त्या रात्री पट्टा जिंकला असता तर जुन्या मित्राशी, केव्हिन ओवेन्सशी, त्याची मनं जुळायचं कारणच उरलं नसतं. दीड महिन्याने रेसलमेनिया ३९ च्या पहिल्या रात्री शेवटच्या मॅचमध्ये त्या दोघांनी उसोंचे पट्टे घेतले तेव्हा जे वाटलं, ते मॉन्ट्रियलशिवाय वाटलं नसतं. आणि वर्षभराने गुंथरचा ६६६ दिवसांचा पट्टा कुणी घेतला? सॅमीनेच.

कोडीचं थोडक्यात. २०२३ ला रोमनकडून हरला तेव्हा ‘गोष्ट बिघडवली’ म्हणून आपण आकाशपाताळ एक केलं. वडील डस्टी रोड्स यांना १९७७ मध्ये मॅडिसन स्क्वेअर गार्डनमध्ये हातातोंडाशी आलेला पट्टा मिळाला नव्हता, समोरचा वेळेत रिंगमध्ये परतला नाही म्हणून (काउंट-आउटने) जिंकलं तर पट्टा बदलत नाही म्हणून. बापाचं राहिलेलं पोराने पहिल्याच फटक्यात पुरं केलं असतं तर ते किती दिवस लक्षात राहिलं असतं? फिलाडेल्फियात ७ एप्रिल २०२४ ला तो जिंकला तेव्हा आधीच्या वर्षाचं सगळं दुखणं त्या विजयात होतं.

आता आपल्या माणसांबद्दल. इथे मला सगळ्यात जास्त बोलायचं आहे.

ग्रेट खली. हिमाचलचा दलीप सिंग राणा. २००६ मध्ये आला तो थेट अंडरटेकरला आडवा करूनच, आणि मे महिन्यात जजमेंट डे या शोला त्याला हरवलं. आपली छाती फुगली. २००७ च्या जुलैमध्ये बॅटल रॉयल जिंकून तो वर्ल्ड हेवीवेट चॅम्पियन झाला, तेही आपण अजून सांगतो. माझं म्हणणं, खलीचं खरं काम त्याआधीच्या दोन महिन्यांत झालं, आणि ते दोन्ही पराभव होते. मेमध्ये सीनाने त्याला पकडीत अडकवून टॅप करायला लावलं. एवढा मोठा देह, रिंगच्या निम्म्या जागेत मावणारा, जमिनीवर हात आपटतोय, हे दृश्य त्याआधी कुणी कल्पिलं नव्हतं. जूनमध्ये वन नाइट स्टँडला सीनाने त्याला क्रेनच्या फळीवर खांद्यावर घेतलं आणि तिथून खाली टाकलं. सीना त्या उन्हाळ्यात अजिंक्य वाटला तो खलीमुळे. हे काम दुसरा कुणीच करू शकला नसता. खलीला चालता येत नाही, रेसलिंग येत नाही, असं म्हणून हसणाऱ्यांना मी हे नेहमी सांगतो.

खलीचा अपमान कुठे झाला, तर पुढे त्याला नाचायला लावलं, पंजाबी प्लेबॉय केलं, प्रेक्षकांतल्या बायकांचे मुके घ्यायला लावले, तिथे. तेव्हा तो जिंकतही होता अधूनमधून. तरी आपण त्यावर हसलो आणि तो हरला की तेवढे चिडलो. राग धरायचा तर त्या नाचाचा धरायला हवा होता.

जिंदर महालची गोष्ट याच्या उलटी. कॅल्गरीत वाढलेला पंजाबी पोरगा, वर्षानुवर्षं हरणारा, २०१४ ला काढून टाकलेला, दोन वर्षांनी परत आलेला, शरीर कमावलेला. २१ मे २०१७ ला बॅकलॅशला रँडी ऑर्टनला हरवून तो चॅम्पियन झाला. १७० दिवस पट्टा त्याच्याकडे होता. आपल्याकडे दोन टोकं आहेत: एक म्हणतं भारतीय म्हणून त्याचा अभिमान बाळगा, दुसरं म्हणतं भारतातला बाजार डोळ्यांसमोर ठेवून नालायकाला पट्टा दिला. मला वाटतं, जिंदर नालायक नव्हता. लेखकांनी त्याला गोष्टच दिली नाही. इतकी वर्षं हरलेल्या माणसाची गोष्ट हातात तयार होती. त्याऐवजी त्याला पगडीवाला परदेशी खलनायक केलं, प्रत्येक मॅच सिंग ब्रदर्स या साथीदारांच्या मदतीने जिंकवली, जपानी रेसलर नाकामुराच्या दिसण्यावरून वाईट बोलायला लावलं. एका भारतीय वंशाच्या माणसाच्या तोंडून दुसऱ्या आशियाई माणसाची टिंगल, आणि ती बघून आपण टाळ्या वाजवायच्या, हे मला तेव्हाही सहन झालं नाही.

मग डिसेंबर २०१७ मध्ये दिल्लीत, घरच्या प्रेक्षकांसमोर, ट्रिपल एचने त्याला हरवलं. हा पराभव वाईट होता, कारण तो कुणाच्याच उपयोगाचा नव्हता. ट्रिपल एच तेव्हा क्वचित रिंगमध्ये उतरायचा, त्याला त्या विजयाची गरज नव्हती. आणि जिंदरने तो अपमान मनात धरून पुढे काही करावं, असंही कुणाला वाटलं नाही.

कविता देवीशी याची तुलना करा. हरियाणाची पॉवरलिफ्टर, जालंधरला खलीच्या अकादमीत शिकलेली. २०१७ च्या मे यंग क्लासिक या बायकांच्या स्पर्धेत सलवार-कमीज घालून, ओढणी कमरेला बांधून ती रिंगमध्ये आली आणि पहिल्याच फेरीत डकोटा कायकडून हरली. पण हरण्याआधी तिने त्या बाईला दोन्ही हातांनी डोक्यावर उचलून टाकलं होतं. तो व्हिडिओ जगभर बघितला गेला. माझ्या बहिणीची मुलगी, जिने त्याआधी कधी रेसलिंग बघितलं नव्हतं, तिने तो मला दाखवला आणि विचारलं की ही पुन्हा कधी येणार. कोण जिंकलं ते तिने विचारलं नाही. जिंदरच्या १७० दिवसांबद्दल तिला काही माहीत नाही.

लेखक आपलं ऐकतात. २०२४ च्या फेब्रुवारीत कोडीची जागा द रॉकला दिली तेव्हा जगभरच्या चाहत्यांनी असा गोंधळ घातला की कंपनीला गोष्ट बदलावी लागली. म्हणून हे पत्र ट्रिपल एचला न लिहिता तुम्हाला लिहितोय. आपण जे मागू ते कधी ना कधी मिळतं, आणि आपण आजवर फक्त पट्टेच मागत आलो आहोत. नेटफ्लिक्सवर आता भारतातून किती लोक बघतात याकडे त्यांचं लक्ष आहे. पुन्हा एखादा भारतीय मुलगा किंवा मुलगी तिथे पोचली, की आपल्याला खूश करायला घाईघाईने कमरेला पट्टा बांधतील आणि आपण परत स्टेटस ठेवू. त्याऐवजी हे बघा: त्याला स्वतःच्या भाषेत, स्वतःचं बोलायला किती वेळ दिला? त्याच्या गावाची, घराची, सरावाची गोष्ट कुणी सांगितली का? तगड्या माणसासमोर वीस मिनिटं झुंजून हरायला दिलं, की दुसऱ्याच्या मदतीने चोरून जिंकवलं? आणि हरल्यानंतरच्या मंगळवारी तो पडद्यावर दिसला की नाही? नाही दिसला, तर तेव्हा आरडाओरडा करा. मी तुमच्या बरोबर असेन.

आणि घरात लहान मुलं नव्याने बघायला लागली असतील तर त्यांना पहिल्यांदा सतराव्या पट्ट्याची मॅच दाखवू नका. शॉनची २०१० ची मॅच दाखवा. १९९७ ची ऑस्टिनची त्यांना जरा मोठं झाल्यावर, रक्त आहे त्यात.

आपला,
पेडण्याचा एक रेसलिंगप्रेमी